वामन गुरुजींचा पहिला गिअर

वामन गुरुजी मोटार सुरू करण्यापूर्वी आचमन करतात. पुढच्या काचेखाली, जिथे लोक गणपती चिकटवतात, तिथे त्यांची पळी आणि पंचपात्र असतं. केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः झालं की ओला हात धोतराला पुसायचा आणि मग बटण दाबायचं. बसायला पाट. नाव वामन आणि देहही त्या नावाला जागणारा, त्यामुळे पाट नसला तर गुरुजींना रस्ता दिसत नाही आणि पाट असला तर पाय पेडलपर्यंत जेमतेम पोचतात. त्यांना लायसन्स कोणी दिलं हे मला आजवर कळलेलं नाही.

मोटारही साधी नाही. लालभडक, दोन दारांची, रस्त्याला पोट घासत चालणारी स्पोर्ट्स कार. मागे एक सीट आहे म्हणतात, पण ती माणसासाठी नसावी. कंपनीचं नाव मी लिहीत नाही, कारण तिच्याशी आमचा वाद होऊन गेला आहे.

मी मूळचा सांगलीकडचा. बँकेनं बदली करून बनारसला पाठवलं आणि बालाजी घाटाजवळच्या एका गल्लीत गुरुजींच्या समोरची खोली मला मिळाली. गुरुजींचं घर मूळचं मराठी, काशीत सात पिढ्या पौरोहित्य. आता घरात ते एकटे. एका ताटलीत खिचडी, एका दोरीवर दोन धोतरं, आणि बोलायला समोर मी. माझं प्रत्येक 'का?' ते एकाच वाक्यानं परत करतात, "तुम्हाला नाही कळणार साहेब, आणि जरूरत पण नाही."

आमच्या गल्लीत समोरून गाय आली तर माणसाला कोणाच्या तरी उंबऱ्यावर चढावं लागतं. मोटार शिरण्याचा प्रश्नच नाही. ती मैदागिनजवळ एका बंद पडलेल्या तेलघाणीच्या आवारात असते. दर रविवारी साडेचारला गुरुजी पाट बगलेत मारून तिकडे जायचे आणि सहाच्या सुमाराला परतायचे. विचारलं तर म्हणायचे, "पुसायला गेलो होतो." पुसायला पाट कशाला, हे मला नाही कळणार आणि जरूरत पण नाही.

गाडी मिळाली कशी, हे मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं.

"एका यजमानीणबाईंनी सोडली."

काशीला आलं की आवडीची एक वस्तू सोडायची आणि जन्मभर तिच्या वाटेला जायचं नाही, अशी रीत आहे. रीत कडक आणि माणसं हुशार, त्यामुळे बहुतेक जण कारलं सोडतात. माझ्या आत्यानं दुधीभोपळा सोडला, तो तिनं त्याआधीही कधी खाल्ला नव्हता. पण मोटार?

"मोटार कोणी सोडतं का गुरुजी?"

"ज्याची जी आवड. साताऱ्याहून दोन दिवस चालवून आणली त्या पोरांनी. मुलाचे दोस्त होते."

कोणाच्या मुलाचे, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. तेव्हा मी डोळ्यांपुढे त्या दुधीभोपळ्याशेजारी ही लाल मोटार ठेवून बघत होतो.

एकदा त्यांनी मला मैदागिनहून लहुराबीरच्या बँकेत सोडलं आणि संध्याकाळी परत आणलं. जाऊन येऊन तीन किलोमीटर. सगळा वेळ गाडी कण्हत होती. ई-रिक्षा पुढे गेल्या, हातगाडीवाला पुढे गेला, एक सांड मात्र शेजारून आमच्याच चालीनं चालत राहिला आणि कंटाळून वळला. मला स्वतःला गाडी येत नाही, त्यामुळे स्पोर्ट्स कार अशाच कण्हतात अशी मी समजूत करून घेतली.

मग एका सोमवारी ती गाडी ट्रकवर चढून वर्कशॉपला गेली. क्लच गेला होता. आणि मी बँकेत असल्यामुळे मला अर्ज लिहिता येतात, अशा श्रद्धेनं गुरुजींनी मलाही बरोबर नेलं.

वर्कशॉपचे मॅनेजर मिश्राजी. देह भरदार, आवाज बारीक. त्यांनी आम्हाला काढून ठेवलेली क्लचप्लेट दाखवली. करपलेल्या भाकरीचा रंग आणि वासही जवळपास तोच.

"महाराज, क्लच प्लेट जल गई है. पूरी."

"वॉरंटी में है," गुरुजी म्हणाले.

"घिसने वाली चीज वॉरंटी में नहीं आती, महाराज."

"जो घिसता है उसी की तो गारंटी चाहिए. जो नहीं घिसता वह आत्मा है, उसकी गारंटी हम आपसे काहे मांगें?"

मिश्राजींनी वॉरंटीची पुस्तिका पुन्हा पहिल्या पानापासून चाळायला घेतली. पण त्यांची खरी अडचण वेगळी होती. बनारसला आल्यापासून गाडीच्या मीटरवर फक्त अकरा किलोमीटर वाढले होते. त्यातले तीन माझे. अकरा किलोमीटरमध्ये क्लच जळतो कसा, हे बघायला त्यांनी मेकॅनिक बोलावले, मेकॅनिकनी रंगारी बोलावला. सगळे मीटरकडे बघत, मग प्लेटकडे, मग गुरुजींच्या पाटाकडे. एकाने हळूच विचारलं, "महाराज, चलाते कहाँ हैं?" गुरुजी छताकडे बघू लागले.

मग फॉर्म आला. 'वाहनाचा वापर' या रकान्यात खासगी किंवा व्यावसायिक यांपैकी एकावर खूण करायची होती. गुरुजी म्हणाले, "धार्मिक लिहा." तसा पर्याय नव्हता. व्यावसायिकवर खूण केली तर वॉरंटी रद्द होते आणि खासगी म्हणायला गुरुजी तयार नाहीत. शेवटी तिसरा चौकोन मी पेनानं काढला.

कंपनीला मी चार दिवसांत तीन ईमेल लिहिले. गुरुजी शेजारी बसून सांगत आणि मी त्यातलं पाठवण्यासारखं तेवढं पाठवी. त्यांचं म्हणणं, गाडी निर्दोष, चालवणारा निर्दोष, तेव्हा दोष प्लेटचा. आणि रोज एक प्रश्न मिश्राजींना, "रविवार तक हो जाएगा न?" प्लेट दिल्लीहून यायला दहा दिवस लागणार होते. हे ऐकलं की गुरुजींचा चेहरा उतरे. अकरा किलोमीटर चालवणाऱ्या माणसाला रविवारची एवढी घाई का, मला समजेना.

शुक्रवारी कंपनीचं उत्तर आलं. मी वाचून दाखवलं. वाहन नेमकं कसं वापरलं ते सविस्तर लिहून द्यावं, म्हणजे दाव्याचा विचार करता येईल. वॉरंटी पहिल्या मालकाच्या नावे असल्यानं या सर्व पत्रव्यवहाराची प्रत त्यांनाही पाठवली जाईल.

"प्रत कोणाला?" गुरुजींनी विचारलं.

"पहिल्या मालकाला. साताऱ्याला."

गुरुजींनी हात जोडले. मग म्हणाले, "साहेब, बंद करा. वॉरंटी नको."

मला राग आला. तीन ईमेल मी लिहिले होते, तेही इंग्रजीत. पण बंद करणंही आमच्या हातात नव्हतं. मिश्राजी म्हणाले, एकदा तक्रार कंप्युटरवर चढली की 'कारण' हा रकाना भरल्याशिवाय ती बंद होत नाही. गुरुजींनी कपाळाला हात लावला. ते काहीतरी लपवत होते एवढं मला दिसत होतं, आणि इतक्या साध्या माणसाजवळ लपवण्यासारखं काय असणार, हे काही दिसत नव्हतं.

शनिवारी मिश्राजींनी आम्हाला बोलावून दार लावून घेतलं. गाडीच्या कंप्युटरमधून त्यांनी एक कागद काढला होता. दर रविवारी पाच वाजता इंजिन सुरू. पहिला गिअर. मिनिटभर इंजिनाला जोर. चाकं मात्र जागच्या जागी. असे कितीतरी रविवार.

"महाराज," मिश्राजी अगदी हळू म्हणाले, "ई का है?"

गुरुजींनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून मराठीत सांगू लागले. मिश्राजींना मी नंतर समजावून सांगितलं, पण त्यांना अर्धं आधीच कळलं होतं.

"त्या बाईंचा एकच मुलगा. गाडी आईच्या नावावर घेतली, आणि वर्षाच्या आतच आजारानं गेला. त्या इथे क्रियाकर्माला आल्या तेव्हा गाडी सोडून गेल्या. सोडलेली वस्तू बघायची नाही, शिवायची नाही. पहिल्या रविवारी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, गुरुजी, नुसती ऐकली तर चालेल का? मी सगळ्या पोथ्या बघितल्या साहेब. ऐकायला कुठे मनाई नाही."

"मग?"

"साताऱ्याला त्यांचं घर चढावर आहे. मुलगा रविवारी पाचला पुण्याहून यायचा. गाडी चढ चढायला लागली की त्या आवाजावर त्या चहा ठेवायच्या. मी नुसतं इंजिन सुरू केलं, तर म्हणाल्या, ही उभी आहे हो. चढणारी ऐकवा. आता बनारसमध्ये चढ कुठून आणू? सगळं सपाट. चढ आहे तो घाटांचा, तो पायऱ्यांचा. पुलावर न्यावी तर मला ती पिछे सरकते. म्हणून हँडब्रेक ओढायचा, गिअर टाकायचा आणि क्लच आधा सोडून धरायचा. मग ती नाक वर करते आणि चढल्यासारखी ओरडते. फोन मी खिडकीबाहेर धरतो."

"आणि त्यांना काय सांगता?"

"सांगतो, पुलावर आहे. खाली गंगा आहे." गुरुजींनी मान खाली घातली. "काशीत बसून दर रविवारी खोटं बोलतो. सोमवारी त्याचा उपास करतो."

तो उपास मी शंकराचा समजत होतो.

"रेकॉर्ड करून ठेवायचं होतं गुरुजी. क्लच तरी वाचला असता."

"संध्या कोणी रेकॉर्ड लावून करतं का?" ते म्हणाले. "त्या ऐकतात तेव्हा ती खरी चालली पाहिजे."

चालत तर ती नव्हतीच, पण हे मी बोललो नाही. मिश्राजींनी फॉर्म पुढे ओढला आणि 'कारण' या रकान्यात स्वतःच्या हातानं लिहिलं, 'समझ में नहीं आया.' मग म्हणाले, "कल पौने पाँच बजे आइए, महाराज. दोनों लोग."

रविवारी वर्कशॉप बंद असतं. मिश्राजींनी स्वतः शटर उघडलं. आत त्याच जातीची एक गाडी उभी होती, गिऱ्हाइकांना चालवून दाखवायची. रंग निळा, पण फोनवर रंग दिसत नाही. वर्कशॉपच्या तळघरातून रस्त्यावर येणारा उतार चांगला लांब आणि वळणाचा आहे. मिश्राजी चालवायला बसले, गुरुजी शेजारी, आणि मी मागच्या त्या सीटवर, गुडघे हनुवटीला लावून.

बरोबर पाचला फोन आला. गुरुजींनी स्पीकर लावला आणि हात खिडकीबाहेर काढला.

"ऐका हं, बाई."

गाडी चढू लागली. तळघरात आवाज दुप्पट झाला. वळणाशी मिश्राजींनी काहीतरी हलवलं, आवाज क्षणभर खाली बसला आणि पुन्हा मोकळा होऊन वर गेला. आम्ही उन्हात आलो. मिश्राजींनी गाडी थांबवली. गुरुजींनी फोन कानाशी न धरता छातीशी धरला.

"गुरुजी," बाई म्हणाल्या, "आज दुसरा गिअर पडला."

गुरुजींनी मिश्राजींकडे पाहिलं. मिश्राजींना मराठी येत नाही, पण त्यांनी मान हलवली.

"हो बाई. पडला."

"फाटकाच्या वळणाला तो टाकायचाच. इतके दिवस पडत नव्हता." त्या थांबल्या. "मी म्हटलं, काशीत गर्दी असेल. गुरुजी जपून चालवत असतील."

गुरुजींनी फोन कपाळाला लावला.

"चहा ठेवते हं," बाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

मिश्राजी स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसत होते. मी नेहमीच्या वाक्याची वाट बघत होतो, पण गुरुजींनी उपरण्यानं डोळे टिपले आणि मिश्राजींना विचारलं, "यह दूसरा किधर होता है?"

मिश्राजी उतरून शेजारच्या बाजूला आले. गुरुजी चालकाच्या जागी गेले. मांडीवरचा पाट त्यांनी सीटवर सरळ केला, झोळीतून पळी-पंचपात्र काढलं आणि आचमनाला बसले. मागे माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या, पण मी उतरलो नाही.