हे बरं, की हे?

आमच्या आळीतल्या चष्म्याच्या डॉक्टरांचा धंदा बुडत चालला होता. कारण अगदी साधे होते. आळीतल्या लोकांचे डोळे चांगले होते, आणि डॉक्टर ते त्यांना तोंडावर सांगत असत.

दुकान लहान होते. पुढच्या भागात काचेच्या फळ्यांवर फ्रेमा मांडलेल्या, गल्ल्यावर डॉक्टरांच्या बाई, आणि मागे एक जाड पडदा. पडद्यामागे तपासणीची खोली. तिथे उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि कोपऱ्यात डोळ्यातला दाब मोजायचे यंत्र. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून डॉक्टर त्याच्या नाकावर एक जड गोल चौकट चढवीत, तिच्यात एकेक काच सरकवीत आणि दर वेळी विचारीत, "हे बरं, की हे?" असे अर्धा तास चाले. मग यंत्रापुढे हनुवटी टेकवून दाब मोजला जाई. शेवटी डॉक्टर हात पुसत म्हणत, "काही झालेलं नाही. जुनाच चष्मा चालेल. दोन वर्षांनी या."

आता ही काय माणसाला सांगायची गोष्ट झाली? आमचेच घ्या. आम्ही घरी गंभीर चेहरा करून "डोळ्यांचं दाखवून येतो" असे सांगून निघालो होतो. बायकोने दारापर्यंत येऊन "सांभाळून जा" म्हटले होते. परत जाऊन तिला काय सांगायचे? काही निघाले नाही म्हणून? शेजाऱ्याच्या पाठीत त्याच महिन्यात काहीतरी निघाले होते आणि सगळी आळी रांग लावून त्याची विचारपूस करीत होती. आमचा अपमान झाला. पुढच्या वेळी आम्ही हमरस्त्यावरच्या मोठ्या, थंडगार दुकानात गेलो. तिथे पाच मिनिटांत काहीतरी निघाले.

अशी एकेक गिऱ्हाइके गेली. त्यात जागामालकाने भाडे वाढवले. तपासणीच्या फीमध्ये विजेचे बिलसुद्धा सुटेना. डॉक्टर तरीही दाब मोजतच राहिले. शेवटी बाईंनी गल्ला उपडा करून दाखवला आणि त्या म्हणाल्या, "अहो, लोकांचे डोळे बघून झाले असतील तर जरा इकडेही बघा. मी भावाला बोलावून घेतलंय."

हा भाऊ, म्हणजे डॉक्टरांचा मेहुणा, धंद्यांना सल्ला देण्याचा धंदा करीत असे. आजवर त्याने एक बेकरी, एक व्यायामशाळा आणि एक पाळणाघर यांना सल्ला दिला होता. तिन्ही बंद पडल्यामुळे त्याच्या गाठीशी अनुभव दांडगा होता. तो आठवडाभर दुकानात एका स्टुलावर बसून राहिला, आणि मग त्याने निष्कर्ष सांगितला.

"दाजी, तुमचा नफा पडद्याच्या पुढे होतो आणि तोटा पडद्याच्या मागे. फ्रेम विकलीत की पैसे मिळतात, डोळे तपासलेत की जातात. मग तुम्ही दिवसभर मागे काय करता?"

"अरे, डोळे तपासतो."

"तेच म्हणतोय मी. आणि ते कोपऱ्यातलं यंत्र. त्याच्यामुळे आजवर एक तरी फ्रेम खपली का?"

"त्याच्यामुळे दोघातिघांची दृष्टी वाचली."

"म्हणजे नाही," मेहुणा म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी यंत्र माळ्यावर गेले. त्या जागी पूर्ण उंचीचा आरसा आला.

पण खरा शोध त्यानंतर लागला. डॉक्टरांची एक जुनी रीत होती. गिऱ्हाईक लक्ष देऊन उत्तरे देते आहे की उगाच ठोकून देते आहे, हे पाहण्यासाठी ते मध्येच चौकटीतली काच काढीत, तीच परत घालीत आणि विचारीत, "हे बरं, की हे?" जो नीट बघे तो म्हणे, "सारखंच आहे." असे फार थोडे असत. बाकीचे सगळे ठामपणे सांगत, "हे. हे दुसरं एकदम स्वच्छ." मेहुण्याने हे पडद्याआडून ऐकले आणि तो स्टुलावरून पडता पडता वाचला.

"दाजी! तीच काच?"

"तीच."

"आणि दर वेळी दुसरीच बरी वाटते?"

"बहुतेकांना. माणसाला वाटतं, आपल्याला विचारतायत म्हणजे काहीतरी फरक असणारच. म्हणून तर अशी उत्तरं मी धरत नाही."

"मी धरतो," मेहुणा म्हणाला.

त्या दिवसापासून दुकानात काचांच्या दोन श्रेणी झाल्या, साधी आणि सुवर्ण. दोन्ही एकाच खोक्यातून येत. साधी काच कागदाच्या पाकिटातून निघे आणि सुवर्ण काच मखमलीच्या डबीतून. साधी आधी दाखवायची, सुवर्ण मागून. किंमत चौपट.

"अरे, पण ही शुद्ध फसवणूक आहे," डॉक्टर म्हणाले.

"तुम्ही खोटं कुठे बोलता? तुम्ही नुसतं विचारता. उत्तर ते देतात. गिऱ्हाइकाच्या मताला काही किंमत आहे की नाही?"

भाड्याची तारीख जवळ आली होती. डॉक्टरांनी मान खाली घातली आणि विचारायला सुरुवात केली. आळीत बघता बघता बातमी पसरली की डॉक्टर सुधारले. पूर्वी अर्धा तास घालवून काही सांगता येत नसे, आता पाच मिनिटांत नेमके सांगतात. आम्ही मोठ्या दुकानातून परत आलो. सुवर्ण काचेतून आम्हाला समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची वाळत घातलेली मोज्यांची जोडी दिसली, आणि तिची शिवणसुद्धा. साध्या काचेतून ते नुसते मोजे होते. फरक म्हणतात तो हा.

खुद्द बाईंनीही तपासून घेतले. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन हळूच सांगितले की दोन्ही काचा एकच आहेत, साधीच घे. बाईंचे डोळे भरून आले. "सगळ्या जगाला सुवर्ण आणि घरच्या माणसाला साधी! तुम्ही कधी माझ्यावर खर्च केला असतात तर नवल." डॉक्टरांनी निमूटपणे मखमलीची डबी उघडली. बाईंना त्यातून खरोखरच छान दिसू लागले.

मग एका संध्याकाळी घड्याळजी आला.

घड्याळजीचे दुकान डॉक्टरांच्या भिंतीला भिंत लावून. जन्मभर एका डोळ्याला भिंग लावून त्याने आळीची घड्याळे दुरुस्त केली होती. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "डॉक्टर, सुवर्ण द्या. संध्याकाळी डोळा ठणकतो आणि दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. काच जुनी झाली असणार."

डॉक्टरांच्या हातातली डबी खाली पडली. त्यांनी स्वतः माळ्यावर चढून यंत्र खाली काढले, धूळ झटकली, आरसा सरकवला आणि घड्याळजीचा दाब मोजला. पुन्हा मोजला.

"काका, चष्म्यानं हे जाणार नाही. आतला दाब वाढलाय. आजच्या आज मोठ्या इस्पितळात जा. उशीर केलात तर गेलेली नजर परत येत नाही. मी चिठ्ठी देतो."

"चिठ्ठीचे किती?"

"काही नाही."

घड्याळजीचा चेहरा उतरला. "म्हणजे आळीला सुवर्ण आणि मला फुकटची चिठ्ठी? डॉक्टर, एवढा दरिद्री दिसतो का मी? ती दुसरी काच दाखवा."

"अहो, काचेचा इथे काही संबंध नाही!"

"बरं. मोठ्या दुकानात जातो. ते दाखवतील."

तो उठला. मोठ्या दुकानात गेला की त्याला उत्तम फ्रेम मिळणार आणि महिन्याभरात त्या फ्रेमेतून बघायला काही उरणार नाही, हे डॉक्टरांना स्वच्छ दिसत होते. पडदा बाजूला सारणाऱ्या घड्याळजीला ते म्हणाले, "काका, थांबा. एक प्लॅटिनम श्रेणी आहे."

घड्याळजी थांबला.

"सगळ्यांना देत नाही. थेट मोठ्या डॉक्टरांकडे पाठवणी. सुवर्णच्या तिप्पट."

"मग हे आधी का नाही सांगितलं?" घड्याळजीचा चेहरा उजळला. "परवा जातो."

"परवा नाही, आज!"

"आज कसा जाऊ? उद्या गिऱ्हाइकांची घड्याळं द्यायची आहेत, मग पैसे हातात येतील."

"पैसे राहू देत हो."

"राहू देत म्हणजे? मग ती पुन्हा साधीच चिठ्ठी झाली की!"

आमच्या डॉक्टरांनी आयुष्यात मारलेली ही पहिली चांगली थाप, आणि तीच त्यांच्या अंगाशी आली. गल्ल्यापाशी उभ्या असलेल्या मेहुण्याने सगळे ऐकले होते. त्याने दाजींना कडकडून मिठी मारली.

"मला न विचारता नवी श्रेणी काढलीत? आणि माल काहीच द्यायचा नाही! नुसता कागद! दाजी, मी तुमच्या पायाशी बसायला हवं."

"अरे, ते फक्त त्यांच्यासाठी होतं. त्यांना खरंच झालंय."

"खरंच झालेले असे असतात किती? त्यांच्यावर कधी धंदा चालतो का?"

दुसऱ्या दिवशी दारावर प्लॅटिनमची पाटी लागली. चिठ्ठ्या जाड कागदावर, सोनेरी कडा लावून छापून आल्या. डॉक्टर विरोध करायला पुढे झाले तर बाई म्हणाल्या, "भाडं कोण भरणार, तो तक्ता?" आळीतली जी घरे सुवर्ण घेऊन चुकली होती ती सगळी प्लॅटिनमसाठी आली. सुवर्ण आता काय, कुणीही घालतो.

ठरल्याप्रमाणे घड्याळजी तिसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात गेला. डोळ्यांच्या विभागाच्या खिडकीपासून निघालेली रांग लांब व्हरांडा ओलांडून जिन्यापर्यंत आली होती. रांगेत सगळी आपलीच आळी. प्रत्येकाच्या हातात सोनेरी कडेची चिठ्ठी. लोक बाकांवर बसून हळू आवाजात एकमेकांची चौकशी करीत होते आणि आपापल्या डोळ्यांविषयी बोलताना आवाज अजून खाली नेत होते. फार छान वातावरण होते. आम्हीही होतो. आमच्या बरोबर मागे घड्याळजी उभा होता. त्याने एक डोळा रुमालाने दाबून धरला होता.

दुपार कलली तेव्हा डॉक्टर धापा टाकत आले. आपले दुकान उघडे टाकून आले होते. त्यांनी घड्याळजीला दंडाला धरून खिडकीकडे न्यायला सुरुवात केली आणि रांग एका आवाजात ओरडली.

"अहो, ह्यांना पुढे जाऊ द्या," डॉक्टर हात जोडून म्हणाले. "ह्यांना खरंच झालंय."

"मग आम्हाला काय खोटं झालंय?" पुढच्या बाकावरची शिक्षिका म्हणाली. "चिठ्ठी तुम्हीच दिलीत ना?"

सगळी कमाई, पाटी, भाडे, सगळे डॉक्टरांच्या डोळ्यांपुढून गेले असावे. मग ते त्या व्हरांड्यात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुम्हाला कुणालाही काही झालेलं नाही. सुवर्ण काच ही साधीच काच आहे. प्लॅटिनम म्हणजे कागद आहे. तुमचे डोळे उत्तम आहेत. घरी जा. ह्या माणसाला पुढे जाऊ द्या."

आम्हाला वाटले, आता लोक ह्या माणसाला मारतात. पण लोक त्याहून जास्त दुखावले होते.

"पुन्हा सुरू झालं ह्यांचं," शिक्षिका म्हणाली. "काही झालं नाही, काही झालं नाही. मध्ये जरा सुधारले होते."

"साधीच काच म्हणे," कुणीतरी म्हणाले. "मला मोज्याची शिवण दिसते, ती काय वाऱ्यावर?"

वास्तविक शिवण आम्हाला दिसली होती, पण ही वेळ वाद घालण्याची नव्हती.

डॉक्टर एकेकापुढे जाऊन हात जोडू लागले. शेवटी ते आमच्यापुढे आले. "निदान तुम्ही तरी," ते म्हणाले. "एक पाळी फक्त. तुमच्यानंतर बहुतेक खिडकी बंद होईल." आम्ही नाही म्हटले नाही. नाही म्हणणे आमच्या स्वभावात नाही. आम्ही फक्त खिशातली प्लॅटिनमची पावती काढून तिच्यावरचा आकडा वाचला. सुवर्ण काचेतून तो फारच स्पष्ट दिसला.

आता शेवट. वाचकांच्या सोयीसाठी तो दोन श्रेणींत दिला आहे.

साधा: आमची पाळी झाली आणि खिडकी बंद झाली. घड्याळजी भिंतीला हात लावत जिना उतरला.

प्लॅटिनम: आमची पाळी झाली आणि खिडकी बंद झाली. घड्याळजी भिंतीला हात लावत जिना उतरला.

घाई नाही. हनुवटी टेकवा, सरळ बघा, आणि लक्ष देऊन सांगा. हे बरं, की हे?