योयोची वापरपूर्व तपासणी

शाळेच्या स्नेहसंमेलनात एक पालक आणि एक पाल्य अशा जोडीने योयोचा खेळ सादर करावा असं ठरलं, आणि लेकीने आईला वगळून बाबांचं नाव दिलं. बाबा सरकारी भांडारात माल तपासनीस होते. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी निविदा न मागवता त्यांची निवड केली होती. त्या दिवशी ते ऑफिसात शिपायाशीसुद्धा हसून बोलले.

तपासनीसांचा एक नियम होता. वापरलेली वस्तू सदोष म्हणून परत करता येत नाही, म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत वस्तू वापरायचीच नाही. या नियमामुळे भांडारातले पंखे कित्येक वर्षं नवेकोरे होते आणि त्यांच्याखाली माणसं पुठ्ठ्याने वारा घेत होती.

"नवशिक्यांसाठी योग्य योयो कोणता?" त्यांनी खेळण्यांच्या दुकानात गंभीरपणे विचारलं.

"हा घ्या. खाली सोडायचा, जरा झटका दिला की हातात परत येतो," दुकानदार म्हणाला.

"आणि वरच्या फळीवरचा तो?"

"तो उस्तादांचा. झटक्याने परत येत नाही. त्याला युक्तीने आणावं लागतं."

"म्हणजे परत न येणारा माल वरच्या दर्जाचा?"

"माणसांचंही तसंच आहे, साहेब. जे परत येत नाहीत, त्यांचंच घरात जास्त कौतुक."

नवशिक्यांचा योयो घरी आला आणि लेकीने पुढे केलेल्या हाताला वळसा घालून थेट कपाटात गेला.

"बाबा, मग सराव?"

"सराव चालू राहील. योयोशिवाय."

त्यानंतर रोज संध्याकाळी बापलेक बैठकीच्या खोलीत समोरासमोर उभे राहून रिकामे हात खालीवर झटकू लागले. शेजारीण एकदा विरजण मागायला आली, ते दृश्य पाहून विरजण न घेताच गेली. "मनगट सुधारतंय," असा शेरा बाबांनी दिला.

पुढचा प्रश्न दोरीचा. दोरी वापरणाऱ्याच्या बेंबीपर्यंत यावी, असं योयोसोबतच्या पत्रकात म्हटलं होतं. वापरणारे दोन, बेंब्याही दोन. बाबांनी सरासरी काढली. त्या उंचीवर घरात कुणाचीच बेंबी नव्हती, तेव्हा लेकीला स्टुलावर उभं केलं आणि स्वतः गुडघ्यांत वाकले. अशा रीतीने दोरी बरोबर ठरली.

मग देखभाल सुरू झाली. दर रविवारी योयोचे दोन्ही भाग उघडून मधलं बेअरिंग काढायचं, रॉकेलमध्ये बुडवायचं, मऊ फडक्याने पुसायचं आणि उन्हात वाळवायचं. दोरीही बदलली जाई.

"अजून एकदाही खेळला नाहीत, तर झिजतंय काय?" बायकोने विचारलं.

"न वापरलेल्या वस्तूची जास्त काळजी घ्यावी लागते."

"हो, ते मला लग्नातल्या डिनरसेटमुळे माहीत आहे. नाकापेक्षा मोती जड झालाय तुमचा."

संमेलनाच्या आदल्या दिवशी योयो तपासणीत उत्तीर्ण झाला आणि बाबांनी तो लेकीच्या बोटात अडकवला. तिने श्वास रोखून तो सोडला. योयो सरसर खाली गेला, तळाशी भिरभिरत राहिला आणि तिथेच राहिला. तिने झटका दिला. पुन्हा दिला. योयो आपल्याच नादात फिरत होता.

"आवाज ऐक," बाबा भारावून म्हणाले. "आवाजच नाही. बेअरिंग निर्दोष आहे."

"पण तो वर येत नाहीये, बाबा."

बाबांनी दुकानदाराला फोन लावला. नवशिक्यांच्या योयोत जरा दाट तेल असतं, त्या चिकटपणामुळेच तो हातात परत येतो, आणि तेच तेल साहेबांनी धुऊन टाकलंय, असं तिकडून कळलं. कुणी दुसरा असता तर त्याने दोन थेंब तेल सोडलं असतं. बाबांची छाती मात्र फुगली.

"म्हणजे निव्वळ देखभालीच्या बळावर आपला योयो उस्तादांच्या श्रेणीत गेला," त्यांनी जाहीर केलं. "आता तो नवशिक्यांना वापरायला देणं नियमात बसत नाही."

"आणि आपण?"

"आपण नवशिके आहोत."

लेकीने बोटातली दोरी सोडवली. ती स्वयंपाकघरात गेली. आईने गॅस बंद केला, हात पुसले आणि वर्गातल्या मैत्रिणीच्या आईला फोन लावून दोन जुने प्लास्टिकचे योयो मागून आणले. संध्याकाळभर बंद दारामागून भांडी पडल्याचा आणि दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता. बाबा बाहेर बसून बेअरिंग पुसत होते.

दुसऱ्या दिवशी रंगमंचावर आईचा योयो तिच्याच कपाळावर आपटला. सभागृह हसलं, आई हसली आणि लेक तर पोट धरून हसली. त्या हसण्यात आपल्याला बोलावलं होतं, आणि आपण कपाटाची किल्ली सांभाळत बसलो, हे बाबांना तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं. मग फार वाईट वाटल्यावर माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. ते शेजारच्या गृहस्थांकडे वळले.

"दोरी आखूड आहे," ते म्हणाले.

"असं? किती हवी?" गृहस्थांनी खुर्चीच वळवली. पुढच्या रांगेतले दोन पालकही माना मागे करून ऐकू लागले. बाबांनी बेंबीपासून सुरुवात केली. टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा प्रकरण रॉकेलपर्यंत आलं होतं. सर्वांनी घाईघाईने रंगमंचाकडे तोंड करून टाळ्या वाजवल्या.

"शेवटचं बघितलंस, बाबा?" लेक धावत आली. "दोघींचे योयो एकदम वर आले."

"हो तर," बाबा म्हणाले, आणि तिच्या डोळ्यांकडे बघायचं टाळून त्यांनी चष्मा पुसायला काढला.

आता नवशिक्यांनी नेमका कोणता योयो घ्यावा आणि बेअरिंगमध्ये तेल किती ठेवावं, हे वाचकांना हवं असणार. सांगितलंही असतं. पण तुम्ही हे वाचायला बसल्यापासून आतल्या खोलीतून कुणीतरी हाक मारतंय, "जरा इकडे ये ना, एक गंमत दाखवायची आहे." आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "थांब, एवढं वाचून होऊ दे."