भाऊजींची आडवी काढ

आमच्या भाऊजींजवळ एक लपवलेलं पिस्तूल होतं, आणि ते कुठं लपवलंय हे वाशीमपासून मालेगावापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नसायला झालंय काय! भाऊजी स्वतःच सांगायचे. नवा माणूस दिसला की त्याला कोपऱ्यात न्यायचं, कोटाची बटणं सोडायची, डावी कमर दाखवायची आणि कानाशी लागून म्हणायचं, "कोनाले सांगू नका." असं त्यांनी वाशीम स्टेशनच्या तिकीटबाबूला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, आणि शेजाऱ्याची मुलगी पाहायला आलेल्या अनोळखी पाहुण्यांनाही सांगितलं. ते पाहुणे पोहे तसेच टाकून गेले.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. नाव गुणवंतराव. वाशीमजवळच्या गावात मोठी शेती, मोठं पोट आणि त्याहून मोठं तोंड. तेव्हा इंग्रजांचा अंमल होता, पिस्तुलाचा परवाना अकोल्याच्या साहेबाकडून मिळायचा. भाऊजींनी तो कसा मिळवला देव जाणे. मी पडलो अनसिंग गावचा वांगी-मिरच्या लावणारा माणूस. माझ्याकडचं सगळ्यात भयंकर हत्यार म्हणजे खुरपं, आणि ते मी उघड्यावर ठेवतो.

भाऊजींच्या डोक्यात एकच प्रश्न होता. पिस्तूल उजव्या कमरेला उभं लावावं, की डाव्या कमरेला, दस्ता म्हणजे मूठ पुढं करून, आडवं? डावीकडचं पिस्तूल उजव्या हातानं पोटावरून काढायचं, याला ते 'आडवी काढ' म्हणत. या विषयावर ते रामायण सांगावं तसे सांगत. सुरुवात ठरलेली.

"यात दोन गोष्टी हायेत. एक फायद्याची, एक तोट्याची. फायद्याची आंदी सांगतो. मानूस गादीवर बसला, दमनीत बसला, घोड्यावर बसला, त उजव्या कमरेचं पिस्तूल मांडीखाली फसते. निंगतच नाई. आडव्या काढीले हात सरळ जाते. कोटाच्या आत हात घातला त पायनाऱ्याले वाटते, खिशातली घडी काढून राह्यला. बराबर?"

"बराबर," मी म्हणायचो. न म्हणून सांगतो कुणाला!

"आता तोट्याची. दस्ता समोर असते. समोरचा मानूस चपळ असला त आपल्या आंदी तोच काढते."

"मग पिस्तूल त्याचंच झालं की."

"तू मधात बोलू नोको. दुसरा तोटा, जेवन झाल्यावर पोट आडवं येते." हे मात्र पुराव्यासकट खरं होतं. पुरणपोळीच्या दिवशी भाऊजींचा हात अर्ध्या रस्त्यात थांबायचा.

बरं, धोतरावर पट्टा थांबत नाही. पट्टा घसरायचा, त्यामागं धोतर निघायचं, आणि भर लग्नाच्या मांडवात भाऊजी दोन्ही हातांनी कमर धरून उभे राहायचे. मे महिन्यातल्या पंगतीतही कोट अंगात. वाढपी सगळ्यांदेखत म्हणायचा, "भाऊसाहेब, पिस्तूल सरकवा थोडं, वरन वाढतो." घरी तर अक्कानं चामडं स्वयंपाकघरात आणायला साफ बंदी केलेली. भाऊजी पट्टा सोडत नसत आणि अक्का नियम सोडत नसे. म्हणून हा गृहस्थ सात वर्षं ओसरीवर एकटा जेवला.

वाशीमला खोगिरं शिवणारे करीमचाचा होते. भाऊजींची सगळी म्यानं त्यांनीच शिवली. कधी दस्ता वर हवा, कधी तिरपा, कधी पट्ट्याला दोन बोटं खाली. करीमचाचा सुई दातात धरून म्हणायचे, "सरकार, लोगां की तलवारें बदलती, म्यान एक रहता. तुमचं पिस्तूल एक आन म्यानं सात!" भाऊजींना यात आपली स्तुतीच वाटायची.

आडव्या काढीचा सगळ्यात मोठा तोटा मात्र भाऊजींनी कधी मोजलाच नव्हता. डावीकडून पिस्तूल काढलं की नळी आधी डावीकडं बसलेल्या माणसावरून फिरते. आणि दमणीत नवऱ्याच्या डावीकडं कोण बसतं? बायको.

आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावाला लग्नाला निघालो होतो. बैलांची दमणी, वर तट्ट्याचं छप्पर, पुढं धुरकरी गणपत बैल हाकतोय, आत आम्ही तिघं. भाऊजींना नवं सातवं म्यान दाखवायची हुक्की आली. "पाय, नुसतं पाय," म्हणाले आणि हात आत घातला. पुढं काय झालं ते मी पाहिलंच नाही, कारण मी डोळे मिटले होते. धडाम्! छपराला भोक, बैल चौखूर, गणपत रस्त्याच्या कडेला बाभळीत. गोळी अक्काच्या कानाजवळून वर गेली होती. बैल थांबल्यावर भाऊजींचा चेहरा चुन्यासारखा पांढरा, आणि तोंडातून एकच वाक्य, "यात दोन गोष्टी हायेत..."

अक्कानं पदर झटकला. लग्नाला गेली, आहेर केला, जेवली. परतताना मला म्हणाली, "नाऱ्या, मले अनसिंगले घेऊन चाल. ते लोखंड या मानसाच्या कमरेले हाय तवर मी घरी येत नाई." आणि आली की निघून! मला वाटलं, चार दिवसांचा राग. चार महिने झाले.

दर बाजाराच्या दिवशी भाऊजी अनसिंगला येऊ लागले. ओट्यावर बसायचे, माझ्याशी म्यानावर बोलायचे, डोळे दाराकडं. अक्का आतून चहा पाठवायची, स्वतः यायची नाही. 'चाल घरी' एवढे दोन शब्द या बहाद्दराला सापडत नव्हते. मला तर हसू यायचं आणि संतापही यायचा. एक माणूस ओट्यावर, एक माणूस दाराआड, आणि मधे मी चहाच्या कपबश्या नेणारा, वय वर्षं बेचाळीस!

एका बाजाराला माझं डोकं सटकलं. "भाऊजी," मी म्हणालो, "तुमाले मारायले कोन येऊन राह्यलं? तुमच्या वांग्याच्या भरतासाठी कोणी जीव घेनार हाय का? द्या ना ते ठाण्यात नेऊन. पिस्तूल पायजे का बायको पायजे, येवढं सांगा. यात बी दोनच गोष्टी हायेत."

भाऊजी ओट्यावरून उठले. चहा अर्धा ठेवला, कोटाची बटणं लावली आणि निघून गेले. चहा अर्धा ठेवणारा हा माणूस नव्हे, म्हणून मी जरा चरकलो.

अक्का दाराआडून बाहेर आली. "तोंड हाय का भाता?" म्हणाली. "काहून बोलला त्याईले?"

"तूच तर म्हणते ना, लोखंड टाका म्हणून!"

अक्का उंबऱ्यावर बसली. "माह्या पाटल्या आठवतात तुले? आबांनी लग्नात घातल्या होत्या त्या?"

आमच्या वडिलांनी हौसेनं घातलेल्या त्या पाटल्या आठवत होत्या. मोडून नव्या करायला सोनाराकडं टाकल्यात, असं ती सात वर्षं सांगत होती. तुझा सोनार पाटल्या करतोय का देऊळ बांधतोय, म्हणून मी तिला चिडवायचोही.

"सोनाराकडं नाई गेल्या. इथून घरी चाललो होतो. वडाच्या नाल्यात तिघं आले, भर दुपारी. कोयते होते हातात. डाव्या बाजूनं मले दमनीतून अर्धी बाहेर ओढली आन पाटल्या काढून घेतल्या. हात सोलून निंगला. हे बाजूले बसले होते, दोन्ही हात मांडीवर. हाललेच नाईत. हालले असते त कापलेच असते ना रे! घरी आल्यावर दोन दिवस जेवले नाईत. कोनाले सांगू नोको म्हनाले. मंग ते पिस्तूल आनलं."

मांडवात धोतर धरून उभे असलेले भाऊजी मला दिसले, आणि त्यांना पाहून सगळ्यात मोठ्यांदा हसणारा मीही दिसलो. लाज वाटली, सरळ सांगतो.

"मले त्या गोळीचं भेव नाई," अक्का म्हणाली. "ते चोर पुन्हा आले ना, त हा मानूस खरंच हात घालीन कोटात. आन ते निंगायच्या आंदी मरीन. मले पाटल्या नोको, काई नोको. हा जित्ता पायजे."

"मग हे त्यांना सांग की!"

"तूच सांगजो," अक्का म्हणाली आणि उठून आत गेली. म्हणजे पुन्हा कपबश्या माझ्याकडंच.

दुसऱ्या दिवशी वाशीम गाठलं. भाऊजी करीमचाचांच्या दुकानात बसले होते. मी अक्काचा शब्दन् शब्द सांगितला. भाऊजी खाली पडलेल्या चामड्याच्या चिंधीकडं पाहत राहिले. मी वाट पाहिली, पण या वेळी ना फायद्याची गोष्ट आली, ना तोट्याची. करीमचाचाही सुई थांबवून बसले होते.

पुढच्या बाजाराला भाऊजी दमणी घेऊन आले. गणपत धुरेवर, छपराचं भोक तसंच. ओट्यावर न बसता उभ्या उभ्याच त्यांनी कोट उघडला. आठवं म्यान! उजव्या कमरेला, उभं, आणि वरची झाप मेणदोऱ्यानं टाके घालून पक्की शिवलेली. दस्ता दिसतही नव्हता.

"भाऊजी, हे बसल्यावर निघायचं नाही," मी म्हणालो.

"उभं राहून बी निंगत नाई. चाच्याले तसंच शिवाले सांगतलं." मग दाराकडं पाहून, गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "उद्या सकाळी पह्यले ठाण्यात जमा करतो. रस्त्यानं आनता येते का तसं उघडं? चाल घरी."

चार महिन्यांनी सापडले एकदाचे दोन शब्द! अक्का बाहेर आली ती गाठोडं बांधूनच. म्हणजे ते कधीपासून बांधून ठेवलं होतं कोण जाणे. टाके बोटांनी चाचपून पाहिले, एक ओढूनही पाहिला, आणि दमणीत जाऊन आपल्या जागी, डावीकडं बसली.

मी गणपतच्या बाजूला पुढं बसलो. वडाचा नाला आला. बैल उताराला लागले आणि मी मागं वळून पाहिलं. भाऊजींचे ओठ घट्ट मिटलेले. सवयीनं त्यांचा उजवा हात उठला, पोटावरून आडवा गेला, कोटाच्या आत डाव्या कमरेला चाचपला. तिथं काहीच नव्हतं. हात तसाच पुढं गेला आणि अक्काच्या मनगटावर जाऊन बसला, काचेच्या बांगड्यांवर, घट्ट.

नाला ओलांडून दमणी वर चढली. वाटेत बाजारकरी भेटू लागले.

"सोडा आता," अक्का हळूच म्हणाली. "लोक पायतात."

"यात दोन गोष्टी हायेत," भाऊजी म्हणाले.

आणि घर येईपर्यंत त्यांनी हातही सोडला नाही, आणि दोन्हींपैकी एकही गोष्ट सांगितली नाही.