झिपरू अस्वलाच्या मेंदूचा अभ्यास

एका जंगलात, मुलांनो, एक वाघ होता. पण ही गोष्ट त्याची नाही. वाघाच्या गोष्टी सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं बरं चाललंय. ही गोष्ट आहे झिपरू नावाच्या अस्वलाची.

झिपरू मनाने वाईट नव्हता. त्याला मोहाच्या फुलांचं व्यसन होतं, एवढंच. फुलं डबक्यात पडून आंबली की त्या वासाने तो वेडापिसा होई. डबकं रिकामं झालं की त्याला गाढ झोप लागे. अशीच झोप लागलेली असताना एका संध्याकाळी त्याचं पिल्लू गुहेबाहेर गेलं आणि रानकुत्र्यांच्या तावडीत सापडलं. आई धावली म्हणून वाचलं. पण त्याचा अर्धा कान गेला.

झिपरूची बायको सोमी भांडली नाही. भांडली असती तर झिपरूला बरं वाटलं असतं. सकाळ होताच तिने पिल्लाला पाठीवर घेतलं आणि नदीपलीकडे भावाच्या गुहेकडे निघाली.

"परत कधी येशील?" झिपरूने विचारलं.

"तुम्ही शुद्धीवर याल तेव्हा बघू," सोमी म्हणाली.

झिपरूने त्याच सकाळी मोह सोडला. दुपारी पुन्हा धरला. असं बरेचदा झालं. मग कोणीतरी त्याला सांगितलं, की वडाखाली नवीन केंद्र निघालंय. तिथे व्यसनी प्राण्यांच्या निर्णयांवर संशोधन चालतं. महाराज वाघोबांचं अनुदान आहे.

केंद्रात दोन विद्वान होते. मेंदूचे जाणकार डॉक्टर सुतारपक्षी आणि अर्थशास्त्राच्या प्राध्यापिका घूसबाई.

"मला मोह सोडायचाय," झिपरू म्हणाला.

"उत्तम. आम्ही तुमच्यासारख्याच्याच शोधात होतो," घूसबाई म्हणाल्या. "फक्त लगेच सोडू नका."

डॉक्टर झिपरूच्या डोक्यावर जाऊन बसले. नाकासमोर मोहाचा द्रोण धरायला लावला आणि चोचीने टाळू ठोकून पाहिली. पुढून ठोकली, मागून ठोकली.

"पुढचा मेंदू 'नको' म्हणतो," ते गंभीरपणे म्हणाले. "मागचा 'आण' म्हणतो. मागच्याचा आवाज मोठा आहे."

"हे मला माहीत होतं, डॉक्टर."

"तुम्हाला नुसतं माहीत होतं. आम्ही सिद्ध केलं."

मग घूसबाईंची पाळी. "आज एक द्रोण घ्याल, की उद्या तीन?"

झिपरूने विचार केला. "आज एक."

"आज एक, की उद्या पाच?"

"आज एकच."

घूसबाईंच्या मिशा आनंदाने थरथरल्या. "पाहिलंत, डॉक्टर? याच्या लेखी उद्याला किंमतच नाही."

"तसं नाही, बाई," झिपरू म्हणाला. "उद्यापासून मी सोडणार आहे. मग उद्याचे पाच द्रोण घेऊन करू काय? उद्या मला पिल्लाला भेटायला जायचंय."

दोघा विद्वानांनी तक्ता वरून खालपर्यंत तपासला. मग घूसबाई म्हणाल्या, "या उत्तराला तक्त्यात रकाना नाही." आणि त्यांनी आजचा एक द्रोण त्याच्या पुढे सरकवला. तो झिपरूने संपवला. त्यामुळे उद्या एक दिवस पुढे गेला. असा तो रोजच पुढे जाऊ लागला.

तुलनेसाठी एक रानडुक्कर आणलं होतं. त्याने मोह कधी चाखलाच नव्हता. केंद्रात आल्यावर चाखला. आता तेही केंद्रातच राहतं.

"माझं सोडवणार कधी?" झिपरूने एकदा धीर करून विचारलं.

"उपचार हा वेगळा विभाग," डॉक्टर म्हणाले. "त्याला अजून मंजुरी नाही. शिवाय तुम्ही सुटलात तर आम्ही मोजायचं काय?"

पुढे महाराजांनी संशोधन पाहायची इच्छा केली. सगळं जंगल जमलं. झिपरूला उंच खडकावर उभं केलं. समोर एक द्रोण ठेवला. घूसबाईंनी प्रश्न विचारला. झिपरूची लाळ गळू लागली. डॉक्टर काडीने दाखवून सांगत होते, "पाहा, आता पुढचा मेंदू हरतोय." महाराज हसले, म्हणून सगळे हसले. टाळ्या पडल्या.

गर्दीत झिपरूला त्याचा मेहुणा दिसला. मेहुण्याच्या खांद्यावर पिल्लू होतं. सगळे टाळ्या वाजवतात म्हणून तेही वाजवत होतं. अर्धा कान लुकलुक हलत होता. बापाला पाहून ते फार खूश झालं होतं.

झिपरूने द्रोणाला हात लावला नाही. तो खडकावरून उतरला, गर्दीतून वाट काढत नदीवर गेला आणि पोहत पलीकडे पोचला.

"शुद्धीवर आलात?" सोमीने विचारलं.

"नाही," झिपरू म्हणाला. "पण मला आत कोंडून घाल. मी काहीही म्हणालो तरी उघडू नकोस."

मागोमाग परतलेल्या मेहुण्याने गुहेच्या तोंडाशी धोंडा लोटला. "दाजी, आतून हव्या तेवढ्या शिव्या द्या," तो म्हणाला. "धोंडा हलायचा नाही."

झिपरूने शिव्या दिल्या. मग विनवण्या केल्या. मग तो नुसता रडला. सोमी धोंड्याला पाठ लावून बाहेर बसून राहिली. ती मधूनमधून फटीतून बोरं आत टाकी. पिल्लू फटीला तोंड लावून आतल्या बापाला दिवसभराच्या गमती सांगे. मोहाचा बहर सरेपर्यंत हे चाललं. मग धोंडा सरकवला तेव्हा बाहेर आलेला झिपरू निम्मा झाला होता. पण तो झिपरू होता.

तेवढ्यात दोघे विद्वान पलीकडून आले. रानडुकराच्या पाठीवर आंबलेल्या मोहाची टोपली होती.

"अभ्यास अर्धवट राहिलाय," घूसबाई म्हणाल्या. "आख्खी टोपली. आज. आता."

झिपरूच्या नाकपुड्या फुलल्या. त्याने टोपली घेतली. सोमी जागची हलली नाही. झिपरूने बराच वेळ टोपली छातीशी धरली आणि मग नदीत उपडी केली.

थोड्या वेळाने मासे उताणे पोहू लागले. डॉक्टरांचे डोळे चमकले.

"माशाचा मेंदू लहान असतो," ते घूसबाईंना म्हणाले. "पण मासे पुष्कळ आहेत."

तात्पर्य: मुलांनो, व्यसन जरूर सोडावं, पण त्यावर ज्यांचं पोट आहे त्यांना विचारून सोडावं. एका अस्वलाच्या उतावळेपणामुळे दोन थोर विद्वानांवर माशांवर दिवस काढायची पाळी आली.