कारल्यांची जागा

डॉक्टरांनी नानांना दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. हिरव्या भाज्या खा आणि चाला. नाहीतर पुढच्या तपासणीनंतर इन्सुलिन. बायको शेवंती गेल्यापासून नानांनी नेमक्या याच दोन गोष्टी सोडल्या होत्या. घरातून ते उतरत नसत, आणि जेवणाच्या नावाने चहात खारी बुडवत.

भांडुपच्या टेकडीवर दुसरं मिळतही नसे. भाजीच्या हातगाडीला चढ झेपत नव्हता, रिक्षावाले "वर नाय जाणार" म्हणून मान फिरवत, आणि वरच्या एकुलत्या दुकानात वेफर्स, खारी आणि फरसाण. भाजी यायची ती स्टेशनच्या बाजारातून, बसनेच. त्या बसच्या फेऱ्या कमी झाल्या तशी ताटातली भाजीही कमी होत गेली.

शनिवारी त्यांची मुलगी अक्षता कारली, दुधी आणि लाल माठ घेऊन स्टॉपवर आली तेव्हा रांग वळसा घालून वडापावच्या गाडीपर्यंत गेली होती. आईची एक रीत होती. उभ्या बसच्या खिडकीतून पिशवी सीटवर टाकायची, जागा धरायची, आणि मग सावकाश दाराकडे जायचं. अक्षतानेही समोरच्या बसमध्ये पिशवी टाकली.

बस सुरू झाली आणि गेली. टेकडीची नव्हतीच ती, मुलुंडची होती.

पर्स खांद्याला होती. फोन मात्र पिशवीत, माठाच्या जुडीवर. रांगेतल्या एकाकडून फोन मागून तिने स्वतःचाच नंबर लावला.

"हॅलो, कोन?"

"मावशी, ती माझी पिशवी आहे!"

"म्हंजे पिशवी सीटवर आनि तू खाली? झकास!"

"तुम्ही कुठे उतरणार?"

"मुलुंडला, चेकनाक्याला. सरूबाई नाव माजं. ये तिथं, थांबते. पन एवढी कारली खातं कोन गं?"

"माझे वडील."

"बिच्चारे!" म्हणून सरूबाईंनी फोन ठेवला.

अक्षता रिक्षाने निघाली. पुढे रस्ता खणलेला होता, तेव्हा रिक्षाही मुख्यतः उभीच होती. चेकनाक्यावर सरूबाई नव्हत्या. स्टॉपवरचा चणेवाला म्हणाला, "मावशी ना? पिशवीत फोन वाजला, कोणाशी तरी भांडल्यासारखं बोलल्या आणि उलटी बस धरून भांडुपला गेल्या."

परतीच्या बसमध्ये दांड्याला लटकताना अक्षताने हिशोब मांडणंच सोडून दिलं. भाजी नाही, फोन नाही, घरी गेल्यावर पुन्हा खारी. भांडुपला उतरल्यावर पाय आपोआप गाडीकडे वळले. तिने दोन वडापाव बांधून घेतले. मागे वळली, तर बसस्टॉपच्या बाकावर नाना. घरातल्या चपला, हातात छत्री, मांडीवर पिशवी.

"तुम्ही इथे कसे?"

"तुला उशीर झाला म्हणून फोन केला. ती बाई म्हणाली, तुमची कारली मुलुंडात फिरतायत, मी आणते, तुम्ही खाली या. मी म्हटलं, मी खाली येत नाही. ती म्हणाली, मग मी कारली खाडीत टाकते." नानांनी पिशवी मांडीवर सरळ केली. "आलो."

"चालत?"

"मग काय, बस होती? ती बाई पिशवी देऊन परत गेलीसुद्धा."

अक्षता त्यांच्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघत राहिली.

"हातात काय तुझ्या?"

"काही नाही."

"काही नाहीचा वास बरा येतोय गो."

तिने पुडी पर्समध्ये कोंबली. तेवढ्यात बस लागली. ती वळायच्या आत नाना खिडकीशी पोचलेसुद्धा.

"नाना, पाटी बघितलीत का?"

"बघितली. ड्रायव्हरलाही विचारलं."

त्यांनी एका सीटवर पिशवी टाकली, दुसऱ्या सीटवर छत्री. मग खिशातून रुमाल काढला आणि छत्रीशेजारी नीट पसरला. तीन जागा, शेवंती असताना धरायचे तशा.

आत चढल्यावर नाना थोडा वेळ त्या तीन सीटांकडे बघत उभे राहिले. मग छत्री आणि रुमाल उचलून बसले, अक्षता शेजारी बसली. पिशवी कोणीच उचलली नाही.

मागून एक बाई आली. "ताई, इथे कोणी आहे?"

अक्षताने नानांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"हो," ती म्हणाली, "कारली आहेत."

दोन थांबे गेल्यावर नानांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्या बाईंना बसायला सांगितलं.