गुपचिळी वर गेली!

"मराठी लिहिण्यात आपला हात कोणी धरू शकत नाही!" राणीसरकारांनी जाहीर केलं. बाबा पेपरमागून नुसतं "हं" म्हणाले.

राणीसरकार म्हणजे या घरची नववीतली कन्या. नाव बाबांनीच ठेवलेलं, कारण ती कामं सांगते, करत नाही. आणि निबंध स्पर्धेत पहिल्या आल्यापासून तर सरकारांचे पाय जमिनीला लागतच नव्हते!

त्यात काम पण तोलामोलाचं हाती आलं. रविवारी आईच्या कॉलेजच्या बॅचचा मेळावा होता. त्याआधी ग्रुपवर जो तो आपली खुशाली कळवत सुटला होता. कोणी मॅनेजर झालं, कोणी दवाखाना थाटला. एका काकांनी तर डोक्यावर नवे केस लावून आधीचा आणि नंतरचा असे फोटो टाकले! आईचा मात्र पत्ताच नाही.

"मी नाही जाणार," आई भांडी विसळत म्हणाली. "कॉलेजात मला गुपचिळी म्हणायचे. माझा आवाज कधी कोणी ऐकलाच नाही. आता काय ओळखणारेत?"

"अगं, पण तुझं प्रमोशन!"

"ते काय सांगत सुटायचं?"

काय सांगत सुटायचं? अहो, आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. इतकी वर्षं तळमजल्यावरच्या कोंदट खोलीत बसायची. वर ट्यूबलाइट लुकलुकायची, शेजारी जनरेटर धडधडायचा. आणि गेल्या सोमवारी ती चक्क लॅबची प्रमुख झाली! सातव्या मजल्यावर काचेची केबिन! आणि ही बाई गप्प!

हिला मेळाव्याला नेलं नाही तर नावाची राणीसरकार नाही! सरकारांनी आईचा फोन उचलला, खोलीचं दार लावलं आणि लिहिलं:

"नमस्कार. मी तुमच्या गुपचिळीची मुलगी. आई कित्येक वर्षं हॉस्पिटलात होती. खाली तिने फार सोसलं, पण कधी तक्रार केली नाही. अखेर सोमवारी सकाळी ती वर गेली. वर भरपूर प्रकाश आहे, शांतता आहे. आता तिला कसलाच त्रास नाही. खाली तिची जागा अजून रिकामी आहे."

वा! शेवटच्या ओळीवर तर सरकारांचे स्वतःचेच डोळे पाणावले. सोबत आईचा हसरा फोटो जोडला. भारदस्त दिसावा म्हणून काळा-पांढरा करून!

क्षणात फोन किणकिणला. "विश्वासच बसत नाही!" मागोमाग जोडलेल्या हातांची ही लांबलचक रांग.

बघा, लोक हात जोडतायत आईला! सरकार गादीवर उड्या मारायला लागल्या.

"फार लवकर गेली गं!"

"हो ना!" सरकारांनी खटाखट उत्तर दिलं. "तिच्यापेक्षा मोठे रांगेत होते, पण नंबर हिचाच लागला!"

"बाबा कसे आहेत?"

"एकदम मजेत! त्याच संध्याकाळी केक आणला. नाचले पण!"

ग्रुपवर सामसूम. मग एकाने भीत भीत विचारलं, "जाताना त्रास नाही ना झाला?"

"छे! लिफ्टने गेली."

आता मात्र सामसूम इतकी लांबली, की नेट गेलं की काय म्हणून सरकारांनी राउटर बंद करून चालू केला! शेवटी टेपमावशीचा निरोप आला. टेपमावशी म्हणजे आईची बाकावरची मैत्रीण, एकदा सुरू झाली की बंद न होणारी. "बाळा, धीर धर. आम्ही उद्या सकाळी घरी येतो."

उद्यापर्यंत कसला धीर धरवतोय! "या ना!" सरकारांनी पत्ता धाडला. "आईला पण बरं वाटेल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारांनी आईला खुर्चीत दाबून बसवलं आणि तिच्या तोंडावर पांढऱ्या मातीचा लेप थापला. मेळावा असो नसो, चेहरा तर उजळायलाच हवा! तेवढ्यात बेल वाजली. केस मोकळे सोडलेल्या आईने तशीच जाऊन दार उघडलं.

दारात टेपमावशी. मागे नव्या केसांचे काका.

"आईऽऽऽ!" काका किंचाळले. त्यांचे नवे केस मुळासकट उभे राहिले! टेपमावशीची टेप जन्मात पहिल्यांदा बंद पडली. बऱ्याच वेळाने तिच्या घशातून आवाज निघाला, "तू... वरून... आलीस?"

"नाही गं," आई म्हणाली, "आज सुट्टी आहे."

काका मटकन पायरीवरच बसले!

पाणी पाजून झालं, उलगडा झाला. बाबा पेपरमागे गदागदा हलत होते. आईने फोन हातात घेतला आणि कालपासून न उघडलेला ग्रुप उघडला. "सरकार! मला जिवंतपणी मारलंस?"

सरकार पडद्यामागे गेल्या होत्या. पण पुढे ओरडा येईना, म्हणून त्यांनी डोकं बाहेर काढलं. आई रात्रीत ग्रुपवर आलेला एकेक निरोप वाचत होती. परीक्षेच्या दिवशी कोणाची तरी चप्पल तुटली, तर हिने स्वतःची काढून दिली. बेडूक कापताना काका चक्कर येऊन पडले, तर त्यांचाही बेडूक हिनेच कापला. गॅलरीतून खाली बघताना ही गालात हसायची, ते हसू कोणाला तरी अजून आठवतं. आईच्या तोंडावरचा वाळलेला लेप डोळ्यांखाली ओला होऊन ओघळायला लागला.

"हे सगळं तुमच्या लक्षात आहे?"

आणि मग, खालचा निरोप वाचून, "म्हणजे माझी निळी छत्री तू ढापलीस होय गं!"

टेपमावशीने जीभ चावली. आईने तिला मिठी मारली, तिच्या खांद्यावर निम्मा लेप लागला. "उद्या छत्री घेऊन ये. मी येतेय!"

जिंकलो! सरकारांनी पडद्यालाच धरून गिरकी घेतली. पडदा दांडीसकट खाली!

रविवारी आई गेली. पण धांदलीत कार्यक्रमातून तिची श्रद्धांजली गाळायलाच सगळे विसरले होते! "दिवंगत मैत्रिणीसाठी आता दोन मिनिटं मौन पाळू या," अशी घोषणा झाली. सगळे उठले. सवयीने आईपण मुकाट उठली. मग तिला फिस्सकन हसू फुटलं, ती तडक पुढे गेली आणि तिने माइकच ताब्यात घेतला. नव्या केबिनपासून बेडकापर्यंत सगळं सांगितलं. स्वतःच्याच मौनात गुपचिळी इतकी बोलली, की जेवण गार झालं!

राणीसरकारांच्या लेखणीवर मात्र घरात कायमची बंदी आली. पुढे सरकार पास झाल्या, तेव्हा ग्रुपवर आईनेच कळवलं:

"लेक वरच्या वर्गात गेली. जिन्याने. ठणठणीत आहे."