आधी जीभ काढ

आमच्या केनवडचे देवराव डाक्टर जीभ पाहिल्याशिवाय कोणाचं काही ऐकून घेत नसत. पाय मुरगळलेला असो की कान फुटलेला. "आधी जीभ काढ. मानूस खोटं बोलते, जीभ नाई बोलत." मेहुणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या माझ्या सासऱ्यालाही त्यांनी सोडलं नाही. बिचारा हातात अक्षता घेऊन, जीभ बाहेर काढून उभा. "पोट साफ नाई तुमचं. पंगतीत बुंदी कमी खाजा," असं सांगून मग पत्रिका घेतली.

माझं टेलरिंगचं दुकान त्यांच्या दवाखान्यासमोरच. मशीन चालवता चालवता हा तमाशा मी फुकटात पाहत आलो.

एकोणीसशे सत्तर साल उलटलं आणि डाक्टर खासदारकीला उभे राहिले. प्रचारसभेत भाषण अर्ध्यावर सोडून "तो खोकते कोन रे मांगं?" असं विचारायचे. तरी निवडून आले. अर्ध्या मतदारसंघाच्या जिभा पाहिलेला माणूस, पडणार कसा?

मग इंझोरीकडची माणसं रस्ता मागायला आली. डाक्टर त्यांना घेऊन कलेक्टरकडे गेले. त्यांचा नवा कोट मी शिवलेला, म्हणून तो कसा दिसतो ते पाहायला मीही गेलो. कलेक्टरांनी विचारलं, "काय तक्रार आहे?" समोर टेबल, शेजारी डाक्टर. पुढच्या म्हाताऱ्यानं सवयीनं जीभ काढली. त्याचं पाहून बाकीच्यांनीही काढल्या. कलेक्टर लालबुंद. डाक्टर शांतपणे उठले, एकेकाची जीभ पाहिली आणि म्हणाले, "पांढऱ्याफटक हायेत साहेब. आंगात रक्त नाई. औषध हाये माह्यापाशी, पन पावसाळ्यात त्या गावात पोचू कसा?"

रस्ता मंजूर झाला.

इथवर सगळं झकास होतं. पण डाक्टर दिल्लीला, आणि दुखणं काही थांबून राहत नाही. लोकांनी बाजारातला नवा डाक्टर धरला. रविवारी देवराव गावी आले की दवाखाना उघडून बसत. बाकं भरलेली असत, पण सगळ्यांच्या हातात अर्ज. "जीभ काढ," म्हटलं की उत्तर यायचं, "तब्येत चांगली हाये साहेब. तेवढी सही द्या." ज्यांना त्यांनी स्वतःच्या हातानं जगात आणलं, तेही आता साहेब म्हणत. सही करताना डाक्टरांचा चेहरा उतरायचा. मला फार वाईट वाटायचं ते पाहून.

एका रविवारी अर्जवाले पांगल्यावर मी मशीन बंद केली, रस्ता ओलांडला आणि त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

"डाक्टर, पोटात कसंतरी होऊन राह्यलं."

त्यांनी लगबगीनं चष्मा पुसला, टेबलाच्या खणातून बॅटरी काढली. माझी जीभ इतका वेळ पाहिली की जबडा दुखायला लागला.

"तुले काईच झालं नाई, बापूराव."

"मले मालूम हाये," मी म्हणालो.

ते नुसतेच बॅटरी लावत-विझवत बसले. मग एक पुडी बांधून माझ्या हातात दिली. बडीशेप होती.

"दिल्लीत मले कोनी डाक्टर म्हनत नाई रे," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी येऊन दाखवजो."

पुढच्या रविवारी मी बायकोलाही सोबत नेलं. तिलाही काही झालेलं नव्हतं.